स्वस्त जागा कधी संपतात?

युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न बारा महिने विचारला जातो: रोमचं, बार्सिलोनाचं, क्राकोचं स्वस्त तिकीट हवं असेल तर बुकिंग कधी करावं? उत्तरंही ठरलेली असतात. ‘दोन महिने आधी’, ‘मंगळवारी रात्री’, ‘थांब जरा, शेवटच्या आठवड्यात भाव पडतात’. यातलं पहिलं उत्तर अर्धं खरं आहे, दुसऱ्याला आधार नाही, आणि तिसरं ऐकून थांबलेल्या माणसाला बहुतेक वेळा दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात.

माझं म्हणणं असं, की ‘तिकीट कधी काढू?’ याच्या आधी ‘जायचं कधी?’ हे ठरवावं. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वारी, कोणत्या वेळेला, आणि गर्दी ज्या दिशेला चालली आहे त्या दिशेला की तिच्या उलट? तिकीट दहा दिवस अलीकडे काढलं की पलीकडे, यानं जितके पैसे वाचतात त्याहून कितीतरी जास्त पैसे शुक्रवार संध्याकाळऐवजी मंगळवार दुपारचं विमान पकडल्यानं वाचतात. असं का होतं हे समजायचं तर युरोपातल्या स्वस्त विमानकंपन्या भाडं कसं ठरवतात ते जवळून पाहायला हवं.

आपल्याकडे राजधानी एक्सप्रेसनं प्रवास करणाऱ्यांना हा हिशोब थोडा ओळखीचा आहे. सप्टेंबर 2016 मध्ये रेल्वेनं राजधानी, दुरांतो आणि शताब्दी गाड्यांना ‘फ्लेक्सी भाडं’ लावलं. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढायचं, आणि एका मर्यादेला जाऊन थांबायचं. बाकीच्या गाड्यांना भाडं एकच असतं. तिथं टंचाई दिसते ती वेटिंग लिस्टमध्ये; गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेची यादी काही मिनिटांत कशी भरते हे वेगळं सांगायला नको. युरोपातल्या स्वस्त विमानकंपन्यांकडे वेटिंग लिस्ट नसते. तिथली सगळी टंचाई भाड्यात दिसते, आणि त्या भाड्याला वरची मर्यादाही नसते.

डब्लिनहून इटलीतल्या पिसाला जाणारं एक विमान डोळ्यांसमोर आणा. रायनएअर या आयरिश स्वस्त कंपनीच्या बोइंग 737-800 मध्ये 189 जागा असतात. कंपनीचं संगणकीय तंत्र या जागांचे मनातल्या मनात गट पाडतं. आकडे समजण्यापुरतेच घेऊ: पहिल्या 20 जागा 20 युरोला, पुढच्या 30 जागा 28 युरोला, त्यापुढच्या 40 जागा 42 युरोला, असं करत शेवटच्या डझनभर जागा दीडशे युरोंच्या वर. खुर्ची तीच, पाय ठेवायला जागा तेवढीच, पाणी विकतच. एक गट संपला की पुढचा उघडतो. विक्री अपेक्षेपेक्षा वेगानं होऊ लागली, तर हे तंत्र स्वस्त गटातल्या उरलेल्या जागा काढून महाग गटात टाकतं. विक्री मंदावली तर उलट करतं. म्हणजे भाडं दिवसांवर चढत नाही. विमान किती भरलं आणि ते या दिवसापर्यंत किती भरायला हवं होतं, या दोन आकड्यांतल्या अंतरावर ते चढतं-उतरतं.

इथं कुटुंबानं जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट आहे. समजा 28 युरोंच्या गटात तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही चौघांचं तिकीट शोधताय. बऱ्याच कंपन्यांची तंत्रं तीन जागा 28 ला आणि एक 42 ला असं दाखवत नाहीत; चारही जागा 42 ला दाखवतात. म्हणून आधी एका प्रवाशाचं भाडं पाहावं, मग चौघांचं. माणशी भाड्यात फरक दिसला तर दोन वेगळी बुकिंगं करणं फायद्याचं ठरतं. मात्र लहान मूल सोबत असेल तर ते एका मोठ्या माणसाबरोबर एकाच बुकिंगमध्ये असायला हवं.

भाडं ठरवण्याच्या या विद्येचा उगम विमानं स्वस्त होण्याच्या बराच आधीचा आहे. 1972 मध्ये ब्रिटनच्या बीओएसी या सरकारी विमानकंपनीतल्या केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला: आज स्वस्तात जागा मागणाऱ्याला ती तेव्हाच द्यावी, जेव्हा त्याच्याकडून मिळणारे पैसे उद्या येऊ शकणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकाच्या संभाव्य उत्पन्नापेक्षा जास्त असतील. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी 1985 मध्ये याच हिशोबाचं हत्यार केलं. पीपल एक्सप्रेस नावाची नवी स्वस्त कंपनी तेव्हा मोठ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं पळवत होती. क्रँडल यांनी प्रत्येक विमानातल्या थोड्याच जागा, आगाऊ बुकिंगच्या अटीवर, तिच्या भावात उतरवल्या आणि उरलेल्या पूर्ण भाड्यानं विकल्या. 1987 मध्ये पीपल एक्सप्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. स्वस्त कंपन्यांना संपवण्यासाठी वापरलेलं हे तंत्र पुढं युरोपातल्या स्वस्त कंपन्यांनीच उचललं आणि सोपं केलं. जुन्या कंपन्या जाऊन-येऊन तिकिटाला ‘मधे शनिवारची रात्र काढलीच पाहिजे’ अशा अटी घालत. नव्या कंपन्यांनी प्रत्येक दिशेचं तिकीट सुटं विकायला सुरुवात केली. ही सुटसुटीत पद्धत प्रवाशाच्या फार उपयोगाची आहे: जाताना एक कंपनी, येताना दुसरी, उतरायचं एका शहरात, परत निघायचं दुसऱ्यातून.

या नव्या कंपन्या येण्याआधी युरोपातलं आकाश सरकारांनी आपसांत वाटून घेतलं होतं. डब्लिन-लंडन हे अंतर साडेचारशे-पाचशे किलोमीटरचं, पण 1986 मध्ये दोन्ही देशांच्या प्रस्थापित कंपन्यांचं जाऊन-येऊन सर्वांत कमी भाडं 209 पौंड होतं. ब्रिटनमध्ये कामाला गेलेला आयरिश मजूर बोटीनं आणि आगगाडीनं रात्रभर प्रवास करून घर गाठायचा. रायनएअरनं त्या वर्षी डब्लिनहून लंडनजवळच्या लूटनला 99 पौंडांत जाण्या-येण्याची सोय केली आणि ही कोंडी फुटली. 1993 पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांनी भाडं ठरवण्याचं स्वातंत्र्य दिलं, आणि एप्रिल 1997 पासून तर एका देशाच्या कंपनीला दुसऱ्या देशातल्या देशात विमानं चालवायची मुभा मिळाली. इटलीत आज सर्वांत जास्त प्रवासी नेणारी कंपनी आयरिश आहे, ती याच नियमामुळे. ईझीजेटचं पहिलं विमान नोव्हेंबर 1995 मध्ये लूटनहून ग्लासगोला उडालं, एका बाजूचं भाडं 29 पौंड. विमानाच्या अंगावर बुकिंगचा फोन नंबर मोठ्या नारिंगी अक्षरांत रंगवलेला होता, म्हणजे एजंटचं कमिशन वाचावं. मे 2004 मध्ये पोलंड, हंगेरीसह दहा देश युरोपीय संघात आले आणि त्याच महिन्यात विझ एअरनं पोलंडमधल्या कातोवित्सेहून लूटनला पहिलं उड्डाण केलं. कामासाठी देश सोडलेल्या माणसाला आईवडिलांना भेटायला वर्षातून तीन-चार वेळा जाता येणं ही या कंपन्यांची सर्वांत मोठी देणगी आहे असं मला वाटतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्ट्या त्यानंतर.

आता मूळ मुद्दा. रायनएअर आपलं धोरण उघडपणे सांगते: आधी विमान भरायचं, त्यासाठी भाडं जिथं ठेवावं लागेल तिथं ठेवायचं. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात तिनं 20 कोटी प्रवासी नेले, विमानं सरासरी 94 टक्के भरलेली होती आणि सरासरी भाडं सुमारे 46 युरो होतं. 189 जागांच्या विमानात 94 टक्के म्हणजे जेमतेम अकरा जागा रिकाम्या. जे विमान शेवटी जवळपास भरणारच आहे, त्यातल्या उरल्यासुरल्या जागा स्वस्तात फुंकायचं कारण काय? शेवटच्या दोन आठवड्यांत तिकीट शोधणारी माणसं बहुधा अडलेली असतात: कुणाची मुलाखत, कुणाच्या घरी आजारपण, कुणाची अचानक ठरलेली मीटिंग. ती मिळेल त्या भावात तिकीट घेतात, आणि कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून शेवटच्या क्षणी भाव पडण्याची वाट या कंपन्यांच्या बाबतीत पाहू नये. हॉटेल आणि विमान एकत्र विकणाऱ्या सहल कंपन्या पूर्वी उरलेल्या जागा शेवटी फुंकून टाकायच्या, त्या काळातला हा समज अजून टिकून आहे.

आता कॅलेंडर. युरोपातलं भाडं समजण्यासाठी विमानकंपन्यांच्या वेबसाइटपेक्षा शाळांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक जास्त कामाचं आहे, असं मी ठामपणे सांगेन.

इंग्लंडमधल्या शाळा साधारण जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. स्कॉटलंडमधल्या जूनअखेर सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत एडिंबराहून स्पेनला जाणारी विमानं सैलावलेली असतात, तेव्हा लंडनहून जाणारी खच्चून भरलेली असतात. जर्मनीत सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम पुढं-मागं ठेवतात, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये. बव्हेरियाची पाळी सर्वांत शेवटी असते: ऑगस्टच्या सुरुवातीपासून थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्युनिकमध्ये राहणाऱ्यानं ‘सप्टेंबर उजाडला, आता स्वस्त होईल’ असं धरून चालू नये. त्याला आणखी दोन आठवडे थांबावं लागतं, आणि तेवढ्यात तिकडं येणाऱ्यांसाठी ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो. नेदरलँड्सचे तीन विभाग, फ्रान्सचे हिवाळी आणि वसंतातल्या सुट्टीसाठी अ, ब, क असे तीन विभाग. इटलीत 15 ऑगस्टच्या आगेमागे जणू सगळा देशच प्रवासात असतो.

याशिवाय इंग्लंडच्या शाळांना सत्राच्या मधोमध आठवड्याची सुट्टी असते: फेब्रुवारीच्या मध्यावर, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी. त्या आठवड्यांतल्या शनिवारी लंडनच्या कोणत्याही विमानतळावरून ऊन असलेल्या गावी जाणारं स्वस्त तिकीट मिळणं कठीण.

ईस्टर दर वर्षी सरकतं, आणि त्याच्याबरोबर वसंतातल्या सगळ्या जोडसुट्ट्या सरकतात. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे. त्यानंतर 39 दिवसांनी, गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियममध्ये त्या दिवशी सुट्टी असते आणि मधला शुक्रवार रजा टाकून लोक चार दिवस बाहेर पडतात. 2027 मध्ये तो गुरुवार 6 मे आहे, आणि पेंटेकॉस्टचा सोमवार 17 मे. हे चार-पाच दिवस टाळले तर मे महिना युरोपात फिरायला उत्तम आणि स्वस्त.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि युरोपाची जूनअखेरीनंतर. पुणे-मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारं तिकीट मेमध्ये महाग असतं, कारण इकडची गर्दी तेव्हाच निघते. पण फ्रँकफर्टला पोचल्यावर पुढची व्हेनिस, प्राग, लिस्बनची तिकिटं त्या वेळी गर्दीच्या हंगामाबाहेरची असतात. टूर कंपनीशिवाय आईवडिलांना घेऊन फिरायचं ठरवलेल्यांनी हे दोन भाग वेगळे धरावेत. मोठा प्रवास लवकर बुक करावा. आतले छोटे प्रवास मंगळवार-बुधवारी बसवले तर त्यांची घाई नसते.

दिशेचा विचार तर फारच कमी लोक करतात. मिलान, तोरिनो, बोलोन्यात नोकरी करणारी दक्षिण इटलीतली हजारो माणसं नाताळला सिसिली, पुल्या, सार्डिनियाला घरी जातात. 22-23 डिसेंबरला मिलानहून कातानियाला जाणारं विमान तुडुंब असतं, तेच विमान परत येताना बरंच रिकामं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चित्र नेमकं उलटं होतं. या मार्गांवरच्या भाड्यांवरून इटलीत इतका संताप झाला, की ऑगस्ट 2023 मध्ये सरकारनं अध्यादेश काढून गर्दीच्या दिवसांतल्या सिसिली आणि सार्डिनियाच्या भाड्यांना लगाम घालायचा प्रयत्न केला. कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला, युरोपीय आयोगानं खुलासा मागितला आणि नंतर त्यातली तरतूद सौम्य झाली. लंडन-पोलंड मार्गावरही हेच: नाताळाआधी तिकडं जाणारं महाग, तिकडून येणारं स्वस्त. मिलानमध्ये राहणाऱ्याला सिसिली पाहायची असेल तर नाताळाचा मोह सोडून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत जावं. हवा तेव्हाही आल्हाददायक असते आणि दोन्ही दिशांना विमानात जागा असते.

आठवड्यातही असाच चढउतार असतो. शुक्रवार दुपारनंतर जाणारं आणि रविवार संध्याकाळी परतणारं विमान सर्वांत महाग. मंगळवार, बुधवार आणि अनेक शहरी मार्गांवर शनिवार दुपार सर्वांत स्वस्त. पहाटे सहाचं विमानही स्वस्त असतं आणि एका वेगळ्या कारणासाठी चांगलं असतं: या कंपन्यांचं विमान उतरल्यापासून साधारण 25 मिनिटांत पुन्हा उडतं आणि दिवसात अनेक फेऱ्या करतं, त्यामुळे सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. पहाटेचं विमान बहुतेक वेळेवर निघतं.

एवढं ठरलं की मग बुकिंगचा दिवस. विमानकंपन्यांच्या जगात दोनच ऋतू: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळापत्रक, उरलेलं हिवाळी. कंपन्या ही वेळापत्रकं कित्येक महिने आधी विक्रीला खुली करतात, काही एका दमात तर काही टप्प्याटप्प्यानं. माझा ठोकताळा असा आहे. नाताळ, ईस्टर, शाळेच्या मधल्या सुट्टीतले शनिवार, जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे शनिवार-रविवार, या तारखा ज्यांना बदलताच येत नाहीत त्यांनी वेळापत्रक खुलं झालं की लगेच तिकीट काढावं, मग ते सहा महिने आधी असो की नऊ. त्या तारखांना विमान भरणार हे कंपनीला माहीत असतं, त्यामुळे भाव खाली येण्याची शक्यता फार थोडी. याउलट नोव्हेंबरातला बुधवार किंवा जानेवारीच्या मध्यातला मंगळवार असेल तर इतक्या आधी काढण्यात काही मिळकत नाही. अशा विमानांचं भाडं सुरुवातीला मध्यम असतं, विक्री मंद आहे असं दिसलं की खाली येतं, आणि निघण्याआधी चार ते आठ आठवड्यांच्या सुमारास बऱ्याचदा तळाला असतं. शेवटच्या तीन आठवड्यांत ते चढू लागतं आणि शेवटच्या आठवड्यात उडी मारतं. या दोन टोकांच्या मधल्या तारखांसाठी, म्हणजे जूनमधला शुक्रवार किंवा सप्टेंबरमधला शनिवार, दोन ते चार महिने आधी. नाताळानंतर आणि जानेवारीत कंपन्या सवलती जाहीर करतात. त्यांत बारीक अक्षरांत प्रवासाच्या तारखा दिलेल्या असतात, आणि त्या बहुधा सुट्टीबाहेरच्याच असतात.

भाव कळायचा तर काही दिवस तो पाहत राहावा. स्कायस्कॅनर आणि गूगल फ्लाइट्सवर पूर्ण महिन्याचे भाव एकत्र दिसतात आणि भाव बदलला की ईमेलनं कळतं. गंतव्य पक्कं नसेल तर ‘कुठंही’ हा पर्याय निवडून पाहण्यासारखा आहे. तिकीट मात्र कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढावं. मध्यस्थाकडून काढलं आणि उड्डाण रद्द झालं, तर पैसे कुणाकडून परत घ्यायचे या वादात प्रवासी अडकतो. मंगळवारी रात्री तिकीट काढण्याचा सल्ला अमेरिकेतून आलेला आहे; तिथल्या कंपन्या एकेकाळी आठवड्याच्या सुरुवातीला भाडी बदलत. युरोपातली स्वस्त कंपनी भाडं दिवसाच्या कोणत्याही क्षणी बदलते. ब्राउझरची हिस्टरी पुसून भाव खाली येतो यालाही भक्कम आधार नाही. दुसऱ्यांदा पाहिल्यावर भाव वाढलेला दिसतो, तो मधल्या वेळात कुणीतरी त्या गटातली शेवटची जागा घेतलेली असते म्हणून.

दिसणारं भाडं आणि प्रत्यक्षात जाणारे पैसे यांत अंतर असतं. 2008 च्या युरोपीय नियमानं टाळता न येणारे सगळे कर आणि शुल्कं सुरुवातीच्याच भावात दाखवणं कंपन्यांवर बंधनकारक केलं, ही मोठी सुधारणा. पण बॅग ‘टाळता येणारी’ मानली जाते. रायनएअरच्या उत्पन्नातला सुमारे एक तृतीयांश भाग भाड्याबाहेरचा आहे: बॅगा, जागा निवडणं, आधी चढणं. फुकट मिळणारी बॅग सीटखाली मावायला हवी. रायनएअर आणि विझ एअरकडे ती 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरची, ईझीजेटकडे 45 बाय 36 बाय 20 ची. मोठी बॅग लागणार हे माहीत असेल तर ती तिकिटाबरोबरच घ्यावी. तिचाही भाव मार्गानुसार आणि तारखेनुसार बदलतो, आणि विमानतळावर तो सर्वांत जास्त असतो. आईवडील फराळाचे डबे, लोकरी कपडे घेऊन आलेले असतात. त्या सामानासकट चौघांच्या छोट्या प्रवासाचा हिशोब केला तर कधी कधी बॅग भाड्यात धरणारी जुनी कंपनी किंवा आगगाडीच स्वस्त पडते.

विमानतळाचं नाव नीट वाचावं. पॅरिस म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून 80 किलोमीटरहून लांब आहे. म्युनिक पश्चिम म्हणवणारं मेमिंगन म्युनिकपासून 110 किलोमीटरच्या आसपास. बेर्गामो मिलानपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, पण तिथली बस इतकी सोयीची आहे की त्याचं भय बाळगायचं कारण नाही. पहाटे सहाचं विमान बोव्हेहून असेल तर मात्र आदली रात्र तिथंच काढावी लागते, आणि हॉटेलचं भाडं तिकिटाहून जास्त होतं.

करांचाही हिशोब आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रवाशामागं हवाई प्रवास कर असतो. जवळच्या अंतराला इकॉनॉमीत तो एप्रिल 2023 पासून 13 पौंड होता, एप्रिल 2026 पासून 15. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे. जर्मनीनं मे 2024 मध्ये आपला कर जवळच्या अंतरासाठी 15.53 युरोंवर नेला आणि स्वस्त कंपन्यांनी तिथली उड्डाणं कमी केली. स्वीडननं उलट वाट धरली: 1 जुलै 2025 पासून कर रद्द. त्यामुळे दहा-पंधरा युरोंची तिकिटं कुठून सुटतात आणि कुठून सुटत नाहीत यात सरकारांचाही हात असतो.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी बुकिंगचा दिवस व्हिसाला बांधावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क जून 2024 पासून 90 युरो. निर्णय पंधरा दिवसांत अपेक्षित, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. स्वस्त कंपनीचं तिकीट परत करता येत नाही आणि नाव बदलायला रायनएअर शंभर युरोंहून जास्त घेते, म्हणजे बहुतेकदा मूळ तिकिटाहून जास्त. म्हणून आतल्या प्रवासांची तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढावीत. मेमधल्या सहलीसाठी नोव्हेंबर-डिसेंबरात अर्ज केला तर त्यानंतरही स्वस्त जागा शिल्लक असतात. व्हिसावर किती प्रवेश दिले आहेत तेही पाहावं. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत. रोम, मग लंडन, मग पॅरिस असा स्वस्त बेत जमला आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असला, तर पॅरिसचं विमान हातचं जातं. रायनएअरसारख्या कंपन्या युरोपबाहेरच्या नागरिकांची कागदपत्रं सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर पाहतात, त्यासाठी अर्धा-पाऊण तास जादा ठेवावा. ऑनलाइन चेक-इन घरूनच करावं. रायनएअर विमानतळावर त्यासाठी माणशी 55 युरो लावते.

दोन स्वस्त तिकिटं जोडून एक प्रवास करायचा असेल तर मधे भरपूर वेळ हवा, शक्यतो एक रात्र. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते.

सहा महिने आधी तिकीट काढणाऱ्याला वाटणारी भीती ही, की कंपनीनं मधेच उड्डाण रद्द केलं तर? 2004 चा युरोपीय कायदा, क्रमांक 261, याच प्रसंगासाठी आहे, आणि ब्रिटननं बाहेर पडल्यावरही तसाच कायदा ठेवला आहे. उड्डाण रद्द झालं तर पूर्ण पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या विमानानं जायचं, हे प्रवाशानं ठरवायचं असतं. रद्द झाल्याची सूचना चौदा दिवसांहून कमी राहिले असताना आली आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर 1500 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला 250 युरोंची भरपाईही मिळू शकते, तिकीट 15 युरोंचं असलं तरी. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याचा इथं संबंध नाही. कंपनीचा ईमेल आला की घाईनं ‘पैसे परत’ हे बटण दाबू नये. तोवर बाजारातलं भाडं चढलेलं असतं, आणि परत मिळालेल्या 25 युरोंत नवं तिकीट येत नाही. ‘दुसरं विमान’ निवडलं तर जागा असेपर्यंत सोयीच्या तारखेचं विमान जादा पैसे न देता मागता येतं, मग त्या जागेचा त्या दिवशीचा भाव 140 युरो का असेना.